वाचकांचे प्रश्न : आधी उजेड, मग ताटली

घरच्या पदार्थांचे फोटो या विषयावर आलेल्या प्रश्नांत पदार्थ निरनिराळे आहेत, फोन आणि कॅमेरेही निरनिराळे आहेत, पण घोटाळा बहुधा एकाच जागी होतो. पदार्थ शिजतो, वाढला जातो आणि मग उजेडाची जागा, कोन, मागचं कापड यांची शोधाशोध सुरू होते. तोवर पदार्थ निवून बसलेला असतो. म्हणून खालच्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरली आहे. जागा, उजेड, कोन आणि फोनचं सेटिंग हे सगळं रिकाम्या ताटलीवर ठरवून घ्यायचं. अंदाज येत नसेल तर ताटलीत पावाचा तुकडा किंवा एखादं फळ ठेवायचं. खरा पदार्थ सगळ्यात शेवटी आणायचा.

प्रश्न : स्वयंपाकघरात दोन ट्यूब आहेत, ओट्यावर वेगळा बल्ब आहे. उजेड भरपूर असूनही फोटो पिवळट येतो आणि पदार्थ चपटा दिसतो. फोन बदलावा का?

फोन बदलून यातला एकही दोष जाणार नाही. पिवळटपणा आणि चपटेपणा यांची कारणं वेगवेगळी आहेत.

पिवळटपणा येतो तो उजेडाच्या सरमिसळीमुळे. उबदार पिवळ्या बल्बचं रंगतापमान (आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर) साधारण २७०० ते ३००० केल्विन असतं, थंड पांढऱ्या ट्यूबचं ६५०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचं सुमारे ५५००. आपला मेंदू हा फरक आपल्या नकळत पुसून टाकतो. कॅमेऱ्याला मात्र सबंध चित्रासाठी व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगदुरुस्तीचा) एकच आकडा धरावा लागतो. ट्यूबकडची बाजू बरोबर आली की बल्बकडची पिवळी पडते, आणि पिवळी बाजू सुधारायला जावं तर दुसरी निळसर होते. एडिटिंग करूनही ही गाठ नीट सुटत नाही. तेव्हा एका वेळी एकाच जातीचा उजेड ठेवा. खिडकीपाशी फोटो काढत असाल तर घरातले सगळे दिवे बंद करा, शेजारच्या खोलीतून दारावाटे येणारा दिवासुद्धा.

चपटेपणा उजेडाच्या दिशेमुळे येतो. उजेड तुमच्या पाठीमागून किंवा थेट डोक्यावरून आला की पदार्थावरच्या बारीक सावल्या नाहीशा होतात, आणि पोत दाखवायचं काम सावल्याच करतात. भाताचं एक शीत जवळून पाहा. उजेड बाजूने आला तर शिताची एक कड उजळ, दुसरी मंद, आणि शेजारच्या शितावर केसाएवढी सावली पडते. तोच उजेड कॅमेऱ्याच्या बाजूने आला की सगळी शितं मिळून एक पांढरा गोळा होतो.

जागा अशी लावा. ताटली घड्याळाच्या तबकडीच्या मध्यभागी आहे आणि तुम्ही ६ च्या आकड्यावर उभे आहात असं समजा. खिडकी ९ ते ११ च्या दरम्यान हवी (किंवा १ ते ३, दोन्ही चालतं). टेबल खिडकीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर ठेवा. थेट ऊन येत असेल तर खिडकीला पातळ पांढरं कापड, ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर लावा. कापड पांढरंच हवं, क्रीम रंगाचं कापड सगळ्या फोटोला पिवळी झाक देतं. मग खिडकीच्या समोरच्या बाजूला, ताटलीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर, पांढरा थर्माकोल किंवा जाड ड्रॉइंग पेपर उभा करा. तो पुढे-मागे सरकवून सावली किती गडद ठेवायची ते ठरवता येतं. सावली पूर्ण घालवू नका. पांढऱ्या कागदाच्या जागी काळा कार्डशीट ठेवला तर सावली आणखी गडद होते. पाव, केक, भाजलेले पदार्थ यांना ते शोभून दिसतं.

प्रश्न : पांढऱ्या ताटलीतला भात राखाडी येतो. उलट काळ्या पाटावरचा केक फटफटीत. सेटिंग तर काहीच बदललेलं नाही.

बदललेलं नाही म्हणूनच असं होतं. कॅमेऱ्याचं प्रकाशमापक समोर काय आहे ते न ओळखता सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाकडे ओढतं. चौकटीत पांढरं जास्त असलं की ते दाबतं, काळं जास्त असलं की उचलतं. आताचे फोन यात बरेच सुधारले आहेत, तरी पांढऱ्यावर पांढरं आणि काळ्यावर काळं इथे अजूनही फसतात.

पदार्थावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) लॉक होईल. मग शेजारी दिसणारा सूर्याचा ठिपका वर-खाली सरकवा. पांढऱ्या पदार्थाला +०.७ ते +१, गडद पार्श्वभूमीला −०.७ च्या आसपास. थांबायचं कुठे? सगळ्यात उजळ शिताची कड पुसली जायला लागली की एक पाऊल मागे या. एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर कशानेच परत आणता येत नाही. थोडा काळवंडलेला भाग उजळता येतो.

प्रश्न : स्वयंपाक रात्रीच होतो. खिडकीचा सल्ला आमच्या काय कामाचा?

रात्रीसुद्धा तत्त्व तेच, फक्त खिडकी आपण तयार करायची. दिव्याची तीव्रता हा दुय्यम प्रश्न आहे. पदार्थाच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचा स्रोत किती मोठा दिसतो, त्यावर सावलीची धार ठरते. उघडा बल्ब बोटभर, म्हणून सावली सुरीसारखी. तोच बल्ब ६० × ९० सेंटिमीटरच्या पांढऱ्या कापडामागे ठेवला की सगळं कापड उजळतं आणि सावलीची कड मऊ होते.

दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठी आडवी टाकून कापड सोडा. ते ताटलीपासून ४० ते ५० सेंटिमीटरवर असू द्या. दिवा कापडाच्या मागे तेवढ्याच अंतरावर ठेवा. दिवा कापडाला चिकटवला तर मधोमध फक्त एक तेजस्वी ठिपका उमटतो आणि कापडाचा काही उपयोग राहत नाही. दिवा एलईडीच घ्या. तापणाऱ्या बल्बशेजारी कापड ठेवणं धोक्याचं आहे. कापडाची खटपट नको असेल तर दिवा पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि भिंतीवरून परतलेल्या उजेडात फोटो काढा. भिंत रंगीत असेल तर तिचा रंग पदार्थावर उतरतो, एवढं लक्षात ठेवा.

एलईडी निवडताना खोक्यावर सीआरआय (त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) हा आकडा पाहा. तो १०० पैकी असतो, आणि पदार्थांसाठी ९५ किंवा वर असेल तर उत्तम. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंगाची सगळ्यात दैना होते. टोमॅटोचा रस्सा विटकरी दिसतो, आणि दोष स्वयंपाकाला दिला जातो. काही दिव्यांखाली फोटोवर आडवे करडे पट्टे येतात. तो दिव्याच्या लुकलुकण्याचा परिणाम. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर (एका फोटोसाठी कॅमेरा जितका वेळ उजेड आत घेतो तो वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १/६० किंवा १/१२०.

फोनचा फ्लॅश वापरू नका. तो लेन्सला चिकटून असतो, म्हणजे उजेड नेमका समोरून.

प्रश्न : वरून फोटो काढताना माझीच सावली पडते, हात थरथरतो आणि गोल ताटली लंबगोल येते.

सावली पडते म्हणजे खिडकी तुमच्या पाठीशी आहे. टेबलाच्या बाजूला येऊन उभे राहा, खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येऊ द्या.

ताटली लंबगोल येते कारण फोन टेबलाला समांतर नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड आणि लेव्हल सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये फोन टेबलाकडे रोखून सपाट धरला की मधोमध दोन अधिकचिन्हं दिसतात. ती एकमेकांवर आली की फोन समतल झाला.

थरथरीवर ट्रायपॉड नसला तरी इलाज आहे. टेबलाच्या दोन कडांना सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या चळती रचा, त्यांवर एक सरळ फळी आडवी टाका, आणि फोन असा ठेवा की फक्त लेन्सचा भाग फळीच्या कडेबाहेर येईल. फोनच्या दुसऱ्या टोकावर घडी केलेला रुमाल आणि वर थोडं वजन ठेवा. रिकाम्या ताटलीवर पाच मिनिटं हे टिकतंय का ते पाहा, मगच पदार्थ खाली आणा. फोटो २ सेकंदांच्या टायमरवर घ्या, कारण बटण दाबतानाचा धक्का सगळ्यात मोठा असतो. २५ सेंटिमीटरची ताटली भोवती थोडी जागा सोडून मावायला २एक्स (दुप्पट जवळचं दाखवणाऱ्या) लेन्सला सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर उंची लागते, १एक्सला त्याच्या निम्मी.

मुळात वरून फोटो चपट्या पदार्थांनाच साजतो, किंवा चार-पाच भांडी एकत्र मांडली असतील तेव्हा. थरांचा केक वरून काढला तर त्याचे थर दिसणारच नाहीत. उंच पदार्थाला कॅमेरा जवळपास टेबलाच्या पातळीवर, ० ते १५ अंशांवर आणा. वाडग्यातल्या पदार्थाला ३० ते ४५ अंश.

प्रश्न : फोन जवळ नेला की ताटलीचा पुढचा काठ फुगतो. पोर्ट्रेट मोड लावला तर चमच्याचा दांडाच गायब होतो.

फुगण्याचं कारण अंतर आहे. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या मापाने साधारण २४ ते २६ मिलिमीटरची, म्हणून चौकट भरायला आपण फार जवळ जातो. २५ सेंटिमीटरच्या ताटलीचा पुढचा काठ लेन्सपासून १५ सेंटिमीटरवर असेल तर मागचा ४० वर, म्हणजे अडीच पटीहून दूर. तितक्या प्रमाणात पुढचा काठ मोठा दिसणारच. मागे सरकून ६० सेंटिमीटरवर गेलात की मागचा काठ ८५ वर येतो, फरक दीडपटीच्या आत. म्हणून मागे सरका आणि २एक्स वापरा. फार जवळ गेल्यावर काही फोन आपण होऊन अतिरुंद लेन्सवर जातात आणि चित्र एकदम उडी मारल्यासारखं बदलतं. मॅक्रोचा (अगदी जवळून काढायच्या फोटोचा) पर्याय बंद केला की हे थांबतं.

पोर्ट्रेट मोड कडा ओळखून मागचं धूसर करतो. चमच्याचा बारीक दांडा, काचेची कड, पानांची टोकं आणि वाफ इथे तो हमखास चुकतो. त्याऐवजी मागची वस्तू खरोखरच दूर न्या. पार्श्वभूमी ताटलीच्या मागे ७० ते १०० सेंटिमीटरवर असेल तर २एक्सवर ती थोडीफार आपोआप मऊ होते.

मोठा कॅमेरा असलेल्यांची चूक याच्या उलट असते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, एफ १.८ (लेन्स किती उघडी आहे त्याचा आकडा, लहान म्हणजे जास्त उघडी) आणि अर्धा मीटर अंतर असताना जेमतेम १ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ ५.६ वर तो तीन सेंटिमीटरच्या आसपास जातो. पदार्थासाठी एफ ४ ते ५.६ पासून सुरुवात करा आणि फोकस सगळ्यात पुढच्या तुकड्याच्या कडेवर धरा.

प्रश्न : रस्सा खायला उत्तम होतो, फोटोत मात्र चिखल दिसतो. तपकिरी पदार्थाला काही उपाय आहे का?

आहे, आणि सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी असं आमचं मत आहे. पुष्कळसा रोजचा स्वयंपाक तपकिरीच असतो, आणि त्याला चिखल म्हणवून घेण्याची काहीच गरज नाही.

तपकिरी म्हणजे मंद उजेडातला नारिंगी. फोटो थोडा जरी अंधारला तरी त्यातला नारिंगी मरतो आणि चिखल उरतो. म्हणून एक्स्पोजर +०.३ च्या आसपास ठेवा. खाली किंवा मागे निळसर करडं कापड घाला. निळा हा नारिंगीच्या समोरचा रंग असल्याने त्याच्याशेजारी तपकिरी उजळून येतो. तपकिरी लाकडावर तपकिरी रस्सा ठेवणं टाळा.

दुसरी अडचण अशी की फोडी तळाशी बसतात आणि वर नुसता सपाट पृष्ठभाग उरतो. पसरट वाडगा घ्या, साधारण १६ ते १८ सेंटिमीटर रुंद आणि ४ ते ५ सेंटिमीटर खोल. त्याच्या तळाशी एक छोटी वाटी पालथी ठेवा. फोडी थोड्या कमी शिजलेल्या असतानाच सहा-आठ चांगल्या फोडी बाजूला काढून ठेवलेल्या असू द्या. त्या पालथ्या वाटीवर आणि भोवती हाताने रचा, एखादी उभी, एखादी कापलेली बाजू वर करून. मग रस्सा पळीने कडेने सोडा, फोडींवर ओतू नका. फोडीची वरची बाजू रश्शाबाहेर राहिली तरच ती फोड म्हणून ओळखू येते.

तिसरी गोष्ट चमक. रस्सा निवू लागला की वरची चरबी थिजते आणि पृष्ठभाग मेणकट होतो. दूध किंवा पीठ असलेल्या पदार्थावर तर साय किंवा कातडी धरते. फोटोच्या क्षणापर्यंत भांडं झाकून गरम ठेवा, आणि वाढल्यावर अर्धा चमचा कोमट तेल ब्रशने फक्त फोडींच्या वरच्या बाजूला लावा. खिडकी घड्याळातल्या १० ते ११ वर आणा, म्हणजे तिरप्या मागून येणारा उजेड रश्शावर घसरेल आणि कडेला एक बारीक उजळ रेघ उमटेल. त्या एका रेघेमुळे पदार्थ ओला आणि ताजा वाटतो. रेघेऐवजी मोठा पांढरा डाग पडला तर कॅमेरा दोन बोटं वर किंवा खाली करा, डाग सरकेल.

मग काठ. बोटाला ओलं मऊ कापड गुंडाळून वाडग्याचा काठ एका दिशेने पुसा. स्क्रीनवर लहानसा वाटणारा शिंतोडा फोटोत सगळ्यात आधी नजरेत भरतो. हिरवं वरून घालायचं तर चिमूटभर, एका बाजूला.

प्रश्न : हिरव्या भाज्या काळपट, सफरचंद लालसर आणि आइसक्रीम फोटोआधीच पाणी. या तिघांचं काय करावं?

हिरव्या रंगाचा शत्रू आहे आंबट आणि उष्णता. जास्त वेळ शिजलं किंवा आम्ल लागलं की क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. भाजी उकळत्या मिठाच्या पाण्यात ३० सेकंद ते १ मिनिट ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पुसून घ्या. लिंबू किंवा व्हिनेगर फोटोच्या अगदी आधी. वरून घालायची पानं देठांसह गार पाण्यात उभी ठेवा, आणि गरम पदार्थावर शेवटच्या क्षणी ठेवा. वाफेवर ती बघता बघता माना टाकतात.

सफरचंदाच्या फोडी १ कप पाण्यात १ चमचा लिंबाचा रस घालून त्यात ३ ते ५ मिनिटं बुडवा.

आइसक्रीमचे गोळे आदल्या रात्रीच काढून ताटलीत −१८ अंशांवर ठेवा, वाटीही फ्रीजरमध्ये. फोटोला एक-दोन मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात.

तळलेला पदार्थ कागदावर न ठेवता जाळीवर ठेवा. कागदावर खालची वाफ अडकून तो मऊ पडतो.

प्रश्न : सूपची वाफ डोळ्यांना दिसते, फोटोत येत नाही.

वाफ म्हणून जे दिसतं ते पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात. वाफेच्या मागून आलेला उजेड ते कॅमेऱ्याकडे पसरवतात, म्हणून वाफ मागच्या उजेडात आणि गडद पार्श्वभूमीवर दिसते. कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड आणि मागे पांढरी भिंत असेल तर ती तिथे असूनही हरवते. खिडकी ११ ते १ वर, पण चौकटीबाहेर. मागे काळं किंवा गडद करडं कापड. खोली जितकी गार, तितकी वाफ दाट. पंखा बंद. वाडगा आधी गरम पाण्याने तापवून घ्या, नाहीतर सूपची पहिली उष्णता तोच खातो. शटर १/१०० च्या आसपास ठेवा आणि सूप ओतल्याबरोबर सलग दहा-पंधरा फोटो घ्या. वाफेचा आकार दर वेळी वेगळा येतो, त्यातला एक निवडायचा.

प्रश्न : स्टीलच्या ताटात सगळी खोली दिसते. पोलरायझर (लेन्सवर लावायचा एक फिल्टर) घ्यावा का?

स्टीलसाठी नको. पोलरायझर काच, पाणी, तेल यांवरची तिरपी चमक कमी करतो. धातूवरच्या प्रतिबिंबावर त्याचा जवळपास परिणाम होत नाही. धातू समोर असेल तेच दाखवतो. त्याच्यासमोर पांढरा कागद किंवा कापड आणलं तर तेच दिसेल, आणि ताट शांत, रुपेरी होईल. तुम्ही स्वतःही त्यात दिसता, म्हणून काळे किंवा करडे कपडे घाला. भडक लाल शर्टाची झाक पांढऱ्या भातावरसुद्धा पडते.

प्रश्न : एडिटिंग किती करावं?

सुरुवातीला त्याच उजेडात, ताटलीच्या जागी साधा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढून ठेवा. एडिटिंग करताना आधी तो कागद पांढरा दिसेल असा व्हाइट बॅलन्स लावा आणि तोच आकडा बाकीच्या फोटोंना द्या. त्यानंतर एक्स्पोजर, मग उजळ भाग थोडे खाली, सावल्या किंचित वर. रंगांची तीव्रता १०० पैकी ५ ते १० च्या पुढे नेऊ नका. नारिंगी आणि पिवळा सगळ्यात आधी भडकतात आणि पदार्थ प्लॅस्टिकचा वाटू लागतो. हे काम करताना फोनचा रात्रीचा पिवळसर डिस्प्ले बंद ठेवा, नाहीतर तुम्ही नसलेला दोष दुरुस्त कराल आणि फोटो निळा पडेल.

प्रश्न : फोटो काढलेला पदार्थ नंतर खाता येतो ना?

या पानावर सांगितल्याप्रमाणे काढला असेल तर येतो. लिंबू, कोमट तेल, बर्फाचं पाणी हे सगळं खाण्याचंच आहे. कमी शिजवून काढलेल्या फोडी मात्र पुन्हा पूर्ण शिजवून घ्या. शिजलेलं अन्न एकूण २ तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासाहून जास्त नाही. गार पेल्यावर टिकणारे थेंब दाखवायला काही जण ग्लिसरीन आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळून बाहेरून फवारतात. तसा पेला फोटोपुरताच ठेवा, सरबत प्यायला दुसऱ्या पेल्यात घ्या आणि हा साबणाने धुऊन टाका.